वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते?

ताई,
भोसरी एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं, आता १९ सीएनसी-व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं, आहेत आणि माणसं ११८. त्यातली निम्मी कंत्राटी, बरीचशी ओडिशा-बिहारची, काही लातूर-बीडकडची. तपासणीत ११ मुली आहेत. गेल्या महिन्यात एका मोठ्या ग्राहकाकडून हाउसिंगचा १,८०० नगांचा लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज. सॉर्टिंग, रिवर्क, गाडीभाडं आणि डेबिट नोट, म्हणजे ग्राहकानं बिलातून कापलेली रक्कम, धरून ६ लाख ४० हजारांचा फटका बसला. चौकशी केली तेव्हा कळलं, सात नंबर मशिनवरच्या ओडिशाच्या मुलाला पहिल्याच रात्री शंका आली होती. त्यानं आमच्या काकांना, म्हणजे रात्रपाळीच्या सुपरवायझरना सांगितलंही. काका म्हणाले, "तू बटन दाब, डोकं चालवायला आम्ही आहोत." काका वडिलांच्या वेळचे, २७ वर्षं आमच्याकडे आहेत, कंपनीसाठी जीव टाकतात.
त्याच ग्राहकानं आता सगळ्या पुरवठादारांना प्रश्नावली पाठवली आहे. तुमच्याकडे सर्वसमावेशक वातावरण आहे का, धोरण आहे का, वगैरे. मला हे हिंजवडीच्या आयटीवाल्यांचं वाटतं. आमच्याकडे सगळे घरच्यासारखे राहतात. खंडेनवमीला मशिनची पूजा, दिवाळीला बोनस आणि मिठाई, कुणाच्या घरी अडचण आली तर उचल. तरीही डिप्लोमा झालेल्या दोन मुली वर्षाच्या आत सोडून गेल्या, आणि ओडिशाची मुलं बरोबर गणपतीत, डिस्पॅचच्या गर्दीत, न सांगता गावी निघून जातात. खरं सांगा, या समावेशकतेचा धंद्याला पैशात काही फायदा आहे, की फॉर्म भरून पाठवून देऊ?
स., भोसरी

स.,

फॉर्म भरायची घाई करू नका. आधी सात नंबर मशिनपाशी जाऊ या.

रात्री दीड-दोनची वेळ असेल. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, बदलला गेलाय आणि त्याचा ऑफसेट, म्हणजे मापाचा आकडा, मशिनमध्ये टाकताना कुठेतरी चुकलंय. त्या मुलानं बोअरमध्ये माप तपासायचा प्लग गेज घातला. गो बाजू आत गेली, ती जायलाच हवी. मग गेज उलटा केला आणि नो-गो बाजू लावली. ती अडायला हवी होती. तीही सरकन आत गेली. त्या घडीला ११८ माणसांच्या तुमच्या कंपनीत ही गोष्ट ठाऊक असलेला तो एकटा होता. तुम्ही घरी झोपला होता, क्वालिटीचा इंजिनिअर सकाळी येणार होता. तो मुलगा मशिन सोडून काकांकडे गेला, वाक्य ऐकलं, परत आला आणि बटन दाबत राहिला. त्या वाक्याचे तुम्ही ६ लाख ४० हजार मोजलेत. त्याच वेळी मशिन थांबलं असतं तर फार तर चाळीस-पन्नास नग भंगारात गेले असते.

आणखी एक विचारते. ते मशिन दिवसाही चालत होतं ना? दिवसपाळीचा माणूस का बोलला नाही? तपासणीतल्या मुलींनी सकाळी नमुन्याचे नग पाहिले असतील, त्यांच्या हातून ते खरंच सुटले, की त्यांनाही शंका येऊन त्या गप्प बसल्या? हे तुम्ही अजून विचारलं नसेल तर विचारा. लॉट बाहेर पडेपर्यंत त्या नगांना बऱ्याच जणांचे हात लागले होते.

मी ३१ वर्षं पर्सोनेलमध्ये काढली, त्यातली बरीचशी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत. त्यातून माझी खात्री झालेली एक गोष्ट सांगते. कामातला बिघाड सगळ्यांत आधी दिसतो तो सगळ्यांत खालच्या माणसाला. हेल्परला, ऑपरेटरला, नग पुसून ट्रेमध्ये ठेवणाऱ्या मुलीला. मालकाला तो सगळ्यांत शेवटी दिसतो, बहुतेक वेळा ग्राहकाच्या ईमेलमधून. खालच्या माणसानं पाहिल्यापासून तुमच्या कानावर येईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात पैसा जातो. तो माणूस ओडिशाचा असो, बाई असो, कंत्राटी असो, नवा असो, त्याला बोलताना भीती वाटत नसेल आणि बोलल्यावर काहीतरी होईल असा भरवसा असेल, तर त्या कारखान्यात समावेशक वातावरण आहे, असं मी म्हणते. बाकी पोस्टर आणि घोषणा मला फारशा कळत नाहीत.

हे माझ्या एकटीच्या अनुभवावर सोडत नाही. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधक नव्वदच्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासत होत्या. ज्या वॉर्डांत माणसांचं एकमेकांशी चांगलं जमतं तिथे चुका कमी असणार, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांच्या नावावर चुका जास्त दिसत होत्या. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे प्रमुख नर्सची दहशत होती तिथे चुका दडपल्या जात आणि कागदावर सगळं छान दिसे. १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांवर हेच तपासलं. न घाबरता विचारता-बोलता येणारे गट लवकर शिकत होते आणि त्यामुळे त्यांचं कामही चांगलं होत होतं. पुढे गूगलनं आपल्या १८० गटांचा अभ्यास केला. चांगला गट कशानं बनतो, तर हुशार माणसं एकत्र आणल्यानं नव्हे, त्या गटात बोलायची भीती नसल्यानं, असं त्यांनाही दिसलं. म्हणजे तुमचे आयटीवाले यात तुमच्यापुढे आहेत असं समजू नका. तेही याच जागी अडखळले होते.

तुमच्या धंद्यातलं उदाहरण तर त्याहून जुनं आहे. टोयोटाच्या लाइनवर डोक्यावरून एक दोरी जाते. शंका आली की कुठल्याही कामगारानं ती ओढायची, टीम लीडर धावत येतो, आणि तेवढ्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. साध्या कामगाराच्या हातात लाइन थांबवायचा अधिकार देणारी कंपनी जगात सगळ्यांत जास्त गाड्या विकणाऱ्यांत आहे. तुमच्याकडेही अँडनचा, म्हणजे अडचण आली की लावायचा, लाल दिवा असेलच. तो गेल्या सहा महिन्यांत कितीदा लागला आणि कुणी लावला, हे मेंटेनन्सच्या वहीत पाहा.

सादरीकरणांत दाखवतात तो एक पुरावा मात्र मी तुम्हाला देणार नाही. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी २०१५ पासून अहवाल काढते, की वरच्या पदांवर वेगवेगळ्या प्रकारची माणसं असलेल्या कंपन्या जास्त नफा कमावतात. २०२४ मध्ये दोन अमेरिकी प्राध्यापकांनी एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या यादीतल्या कंपन्यांवर तेच ताडून पाहिलं, त्यांना तसा संबंध सापडला नाही. तुमच्यासमोर कुणी तो तक्ता ठेवून "दोन बायका घ्या, नफा वाढेल" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वेगवेगळी माणसं नुसती एका छताखाली आणली तर कधीकधी भांडणंच वाढतात. लिसा निशी या संशोधकांनी २०१३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या १०० विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रिया आणि पुरुष एकत्र काम करत असलेल्या विभागांत, जिथे वातावरण समावेशक होतं तिथे आपसातली धुसफूस कमी होती आणि जी व्हायची तिनं मनं तुटत नव्हती. फरक वातावरणानं पडत होता. तुमच्याकडे माणसं सगळ्या प्रकारची आहेतच. वातावरणाचं बोलू.

"आमच्याकडे सगळे घरच्यासारखे राहतात," असं तुम्ही लिहिता. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. अडचणीला उचल देणारे मालक मी फार पाहिलेले नाहीत. पण घर म्हटलं की घरातल्या चालीही आल्याच. नवी सून पहिली दोन वर्षं आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगू शकते का? तिला सगळे घरचीच म्हणतात, प्रेमही करतात, पण बोलायचं कुणी आणि ऐकायचं कुणी हे ठरलेलं असतं. कारखान्यात सून म्हणजे तो सात नंबरवाला मुलगा. तुमच्या पत्रात मशिनचा नंबर आहे, नगांचा आकडा आहे, काकांना किती वर्षं झाली तेही आहे. त्या मुलाचं नाव नाही. तुम्हाला ते ठाऊक नसेल तर शॉपवर त्याला काय म्हणतात ते ऐका. "ए भैया", "ए ओडिया", "ए बटन" असलं काहीतरी निघेल. ज्याला नावानं हाक मारत नाहीत तो रात्री दोन वाजता तुमच्यासाठी दुसऱ्यांदा काकांपुढे उभा राहणार नाही. एकदा उभा राहिला, हेच मोठं मानते मी.

गणपतीत न सांगता जाणाऱ्या मुलांचं आता सांगते. ती ओडिशात कुठली आहेत ते विचारलंत? संबलपूर, बलांगीर, कालाहांडी या पश्चिमेकडच्या भागातली असतील, तर त्यांचा वर्षातला सगळ्यांत मोठा सण म्हणजे नुआखाई. नवं धान्य देवाला दाखवून घरातल्या मोठ्यांच्या हातून खायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं. आपल्या कोकणातल्या नव्याच्या पौर्णिमेसारखंच. हा सण येतो भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे आपल्या ऋषिपंचमीला, गणपती बसले की दुसऱ्या दिवशी. तुमच्या रजेच्या यादीत गणेश चतुर्थी आहे, नुआखाई नाही. त्याच दिवसांत तुमची कोकणातली माणसं रजा टाकतात आणि त्यांना ती मिळते, कारण ती का मागतात हे काकांना माहीत आहे. ओडिशाच्या मुलांना मागूनही मिळत नसणार, म्हणून ती मागत नाहीत, सरळ गाडीत बसतात. किनाऱ्याकडची असतील तर जूनच्या मध्यात रज नावाचा सण असतो, तेव्हाही तुमची हजेरी घसरत असेल. याला तुम्ही बेजबाबदारपणा म्हणत होतात. तारखा पाच महिने आधीपासून कॅलेंडरवर छापलेल्या होत्या.

अशी मुलं परत आली नाहीत की नवी आणायची, गेज धरायला शिकवायची, पहिले दोन-तीन महिने त्यांचं रिजेक्शन सोसायचं. हा खर्च डेबिट नोटसारखा कागदावर येत नाही. एकदा मांडून पाहा. वर्षभरात किती ऑपरेटर गेले, प्रत्येकाच्या जागी नवा माणूस पूर्ण नगसंख्येवर यायला किती आठवडे लागले, तेवढ्या आठवड्यांत किती नग कमी निघाले. तुमच्या अकाउंटंटला एक दुपार पुरेल. आकडा तुमचाच असेल, आणि माझ्या कुठल्याही दाखल्यापेक्षा तुम्हाला तो लवकर पटेल.

मुली का गेल्या असतील, याबद्दल माझ्या मनात एक चित्र आहे.

चाकणकडच्या एका कारखान्यात असताना, त्याचं नाव घेत नाही, एका लाइनवर मुली टिकत नव्हत्या. सुपरवायझर म्हणत, "बायका नाजूक, लग्न झालं की जातात." मे महिन्यात एक मुलगी लाइनवरच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. त्या दिवशी शिफ्ट सुटताना मी गेटवर उभी राहिले. मुली एकेक करून पंच करून बाहेर पडत होत्या. पिशवीच्या बाजूच्या खणात प्रत्येकीची पाण्याची बाटली होती आणि बहुतेक बाटल्या सकाळी भरून आणल्या तशाच गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. एकीला थांबवून विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, पाणी प्यालं की जावं लागतं." बायकांचं टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत होतं, भंगाराचं आवार ओलांडून. जायला-यायला आठ-नऊ मिनिटं. तेवढा वेळ लाइनवर नाही दिसली की लीडर वहीत खूण करायचा. तिथे कुणी वाईट वागत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. शेडच्या शेजारी दोन टॉयलेट बांधायला माझ्या आठवणीप्रमाणे तीन आठवडे लागले आणि मंजुरी मिळायला पाच महिने. पुढच्या वर्षी त्या लाइनवरून एकच मुलगी गेली, तीही लग्न होऊन नाशिकला गेली म्हणून.

तुमच्या दोन मुलींना फोन करा. सोडून दोन-तीन महिने झाले की माणूस खरं सांगतो, राजीनाम्यात "वैयक्तिक कारण" लिहिलेलं असलं तरी. स्वतः करा किंवा त्यांच्या वयाच्या कुणाला तरी करायला सांगा. टॉयलेट, शिफ्ट सुटल्यावर मिळणारी पीएमपीची बस, प्रोग्रामिंग शिकायचं होतं आणि वर्षभर फक्त व्हर्निअर हातात दिला गेला, कुणाची नजर, कुणाचं बोलणं, यांतलं काहीही निघेल. जे निघेल ते लिहून घ्या, वाद घालू नका.

पुण्याला हा धडा नवा नाही. १९७४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोची, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सची, जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं तीत छापलं होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं आणि त्या टेल्कोनं घेतलेल्या पहिल्या महिला इंजिनिअर ठरल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्यांची जुळणी करणारी एक अख्खी लाइन मुली चालवतात. तुम्हाला नगही कदाचित त्याच पट्ट्यात पाठवावे लागत असतील. "स्त्रियांनी अर्ज करू नये" असं आता कुणी छापत नाही. भंगाराच्या आवारापलीकडचं टॉयलेट तेच सांगत असतं.

आडनावाचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडे ते कुणी बोलत नाही. नवा माणूस आला की दुसऱ्या वाक्याला "कुठले तुम्ही? आडनाव काय?" होतं. त्यावरून डबा कुणाबरोबर उघडायचा ते ठरतं आणि दोन वर्षांनी हेल्परचा ऑपरेटर, ऑपरेटरचा सेटर, म्हणजे मशिन लावून देणारा, कोण होणार, तेही बरंचसं ठरतं. तुमच्या सेटरची यादी काढा. ती सगळी एक-दोन तालुक्यांतली, एकाच नात्यागोत्यातली निघाली तर काकांनी त्यांना जवळचं म्हणून शिकवलं आणि बाकीच्यांमधला चांगला हात तुमच्या नजरेलाच आला नाही. सेटर व्हायला काय यावं लागतं ते एका कागदावर लिहून शॉपवर लावा: कुठली ड्रॉइंग वाचता यावीत, किती मशिनचं सेटिंग, कुठले गेज. परीक्षा घ्या. औंधच्या आयटीआयमधून आलेला मुलगा आणि बलांगीरहून आलेला मुलगा एकाच कागदासमोर बसू देत.

खंडेनवमीची पूजा बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. त्या दिवशी मशिनला हळद-कुंकू लागतं, हार पडतो, माणसांना आपल्या हाताखालच्या लोखंडाबद्दल माया वाटते, ते मोलाचं आहे. फक्त सात नंबरला हार त्याच मुलाच्या हातून घाला. आणि ज्याला आपल्या श्रद्धेमुळे पूजेत उभं राहायचं नसेल त्याला कारण विचारू नका, मिठाईचा पुडा मात्र त्याच्याही हातात द्या.

आता काका. तुमच्या पत्रातला खरा पेच मला इथे दिसतो, आणि तुम्ही तो विचारलेला नाही.

त्यांना चार माणसांत बोलू नका, त्या मुलाची माफी तर अजिबात मागायला लावू नका. २७ वर्षं रात्री जागवलेला माणूस आहे. त्यांचा अपमान झाला तर बाकी सगळे एवढंच शिकतील, की इथे चूक उघड झाली की माणूस उघडा पडतो, आणि सगळे आणखी गप्प होतील. समावेशक वातावरणात काकाही येतात. त्यांना केबिनमध्ये न बोलावता तुम्हीच चहाच्या वेळी त्यांच्याकडे जा. आधी स्वतःचा भाग सांगा. काहीसं असं: "काका, त्या आठवड्यात डिस्पॅचसाठी मी रोज रात्री फोन करत होतो. मशिन थांबवलं तर मी ओरडेन असं तुम्हाला वाटलं असणार, आणि मी ओरडलोही असतो. इथून पुढे नगाची शंका आली की मशिन थांबवायचं. कुणीही थांबवू दे. थांबलेल्या वेळेचा जाब मी तुम्हाला विचारणार नाही." आणि मग खरंच विचारू नका. पहिल्यांदा खोट्या शंकेवर मशिन वीस मिनिटं थांबेल तेव्हा सगळा शॉप तुमच्या तोंडाकडे बघत असेल.

काकांचा इन्सेन्टिव्ह कशावर आहे ते पाहा. नुसत्या नगसंख्येवर असेल, तर तुम्हीच त्यांना महिन्याच्या महिन्याला सांगत आहात की त्या मुलाचं ऐकू नका. चांगल्या नगांवर करा, परत आलेला नग त्यातून वजा करा. रात्री आलेल्या शंकांसाठी एक साधी वही ठेवा: वेळ, मशिन, काय वाटलं, काय केलं. हिंदीत लिहिली तरी चालेल, फोटो काढून ग्रुपवर टाकला तरी चालेल. शिफ्ट बदलताना दहा मिनिटांची जी मीटिंग होते ती सध्या मराठीत होत असेल आणि निम्मी माणसं मागे भिंतीला टेकून उभी राहत असतील. ती हिंदीत घ्या, किंवा त्यांच्यातलाच एक जण ओडियात सांगू दे. मशिनवरच्या सूचनांत शब्द कमी करा, गेजचे फोटो लावा. तुम्हाला कधी ऐकू न येणारा ऑपरेटर घ्यायचा झाला, आणि जरूर घ्या, तर हेच फोटो आणि तोच लाल दिवा त्याच्याही कामी येतील.

पहिले दोन-तीन महिने वहीतल्या नोंदी वाढतील. घाबरू नका. रुग्णालयाची गोष्ट आठवा. आधीही बिघाड तेवढेच होते, ते ग्राहकाच्या गोदामात जाऊन कळत होते. सहा महिन्यांनी वहीतला आकडा आणि डेबिट नोटचा आकडा शेजारी ठेवून बघा.

आणि एवढं सगळं करूनही काकांच्या तोंडून तेच वाक्य पुन्हा आलं तर? तर त्यांना माणसं हाताळण्याच्या कामातून काढून टूल रूमला घ्या, पगार आणि मान तसाच ठेवून. त्यांचं ज्ञान तिथे उपयोगी पडेल. त्यांच्याबद्दलच्या मायेपोटी ५९ माणसांची तोंडं बंद ठेवणं तुम्हाला परवडणार नाही.

शेवटी तुमचा फॉर्म. त्यातलं बरंचसं ग्राहकाच्या हौसेचं नाही, कायद्यात आहे. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष कंपनीतली वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. कंत्राटी मुलीही तिच्याकडे तक्रार करू शकतात. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड होतो. दंडापेक्षा मला याची काळजी आहे, की ११ मुलींना जायला जागाच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलं आहे, खासगी कारखान्यांनाही. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची आहे आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. शेजारच्या दोन-तीन युनिटांनी मिळून केली तर कुणालाच जड जात नाही. यांतलं जे नाही तिथे फॉर्मवर "नाही, अमुक तारखेपर्यंत करतो" असं लिहा. ऑडिटला येणारा माणूस फॉर्म वाचून थेट शॉपवर जातो आणि एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारतो. तो मुलगा काय सांगेल ते तुमच्या हातात नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घ्या, ऋषिपंचमीच्या चौकोनात "नुआखाई" लिहा आणि त्या आठवड्याचा रजेचा तक्ता कोकणातल्या आणि ओडिशातल्या मुलांना एकत्र बसवून काकांकडूनच लावून घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकिटं तेव्हाच काढायला सांगा, म्हणजे परतीचंही निघेल.